रिलॅक्सेशन स्पेक्ट्रम कसा काढायचा: परातीतल्या पिठापासून पायथनपर्यंत

ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून झालं की गोळ्यावर अंगठा दाबा आणि काढून घ्या. खड्डा लगेच थोडा वर येतो, मग हळूहळू अजून थोडा येतो, आणि मग थांबतो, पूर्ण भरून काही येत नाही. म्हणजे पिठाच्या आत काहीतरी आहे जे अर्ध्या सेकंदात सैल होतं, काहीतरी आहे ज्याला दहा सेकंद लागतात, आणि काहीतरी आहे जे आपल्या डोळ्यासमोर सैल होतच नाही. या सगळ्या वेळांची यादी, आणि प्रत्येक वेळेच्या वाट्याला किती ताकद आली त्याचा हिशेब, याला म्हणायचं रिलॅक्सेशन स्पेक्ट्रम. बाकी जे गणित आहे ते ही यादी बाहेर कशी काढायची त्याचं.

आमच्या सोलापुरात एमएस्सीची आणि टेक्स्टाइलची पोरं दरवर्षी हेच विचारायलीत, सर रिओमीटरवर (पदार्थ हलवून त्याचा प्रतिकार मोजणारं मशीन) डेटा आला, आता स्पेक्ट्रम कुठल्या बटणानं येतो. बटण आहे, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ते दाबून आलेला आलेख आणि मटेरियलचा खरा स्पेक्ट्रम यात फार अंतर असू शकतं, आणि हे अंतर कुणी सांगत नाही म्हणून हा लेख लांब लिहितोय. एक गोष्ट आधीच पक्की धरा: मशीन स्पेक्ट्रम मोजत नाही. मशीन मोजतं ते जी-प्राइम (पदार्थ स्प्रिंगसारखा किती वागतो) आणि जी-डबल-प्राइम (द्रवासारखा किती वागतो), किंवा वेळेनुसार उतरणारा स्ट्रेस, म्हणजे पदार्थ उलटा लावतो तो जोर. स्पेक्ट्रम आपण त्यावरून अंदाजानं काढतो, आणि तो अंदाज कुठून कुठपर्यंत खरा धरायचा हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

पाया थोडक्यात सांगतो. मॅक्सवेलनं १८६७ मध्ये एकाच रिलॅक्सेशन टाइमची कल्पना मांडली, बोल्ट्झमननं १८७४ मध्ये सांगितलं की आधी दिलेल्या सगळ्या ताणांचा (स्ट्रेनचा) परिणाम एकावर एक रचून बेरीज करता येते, आणि १८९३ मध्ये वीचर्टनं एकाऐवजी अनेक टाइम घेतले. आज आपण जनरलाइज्ड मॅक्सवेल मॉडेल म्हणतो ते हेच: एक स्प्रिंग आणि एक डॅशपॉट (तेलात हळू सरकणारा दट्ट्या) अशी जोडी, आणि अशा बऱ्याच जोड्या शेजारी शेजारी लावलेल्या. प्रत्येक जोडीचे दोन आकडे, मॉड्युलस (स्प्रिंगचा कडकपणा) आणि टाऊ. टाऊ म्हणजे त्या जोडीतला स्ट्रेस मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ.

एका जोडीला ओमेगा या वेगानं हलवलं तर काय मिळतं ते वहीत एकदा हातानं काढाच. ओमेगा गुणिले टाऊ ला एक्स म्हणू. जी-प्राइम म्हणजे मॉड्युलस गुणिले एक्सचा वर्ग भागिले एक अधिक एक्सचा वर्ग, आणि जी-डबल-प्राइम म्हणजे मॉड्युलस गुणिले एक्स भागिले तोच छेद. एक्स १ असेल तर दोन्ही बरोबर अर्धे. एक्स ०.१ असेल तर जी-प्राइम उरतो एक टक्का आणि जी-डबल-प्राइम दहा टक्के. आता जी-डबल-प्राइमचा डोंगर अर्ध्या उंचीवर किती रुंद आहे ते काढा, एक्स ०.२६८ पासून ३.७३ पर्यंत येतो, म्हणजे लॉग स्केलवर १.१४ डिकेड (एक डिकेड म्हणजे दहापट). एकच टाऊ असलेलं, एकदम साधं मटेरियल, तरी डोंगर एवढा पसरट. मग दोन टाऊ एकमेकांपासून तिप्पट अंतरावर असले, समजा ०.३ आणि १ सेकंद, तर दोन पसरट डोंगर एकमेकांत मिसळून एकच दिसणार. पुढे जी काही अडचण येते तिचं मूळ इथं आहे.

मागाच्या कारखान्याबाहेर रस्त्यावर उभं राहून बघा. आत माग चालू आहेत हे कळतं, ढोबळ वेगही कळतो, पण नुसत्या खटखटीवरून आत चौदा माग आहेत का सोळा, हे सांगता येत नाही. चौदाचा आवाज आणि सोळाचा आवाज बाहेर येईपर्यंत सारखाच झालेला असतो. गणितवाले अशा प्रश्नाला इल-पोज्ड म्हणतात. उलटी वाट आहे ही, आणि या वाटेवर डेटातली दोन टक्क्यांची चूक स्पेक्ट्रममध्ये कितीतरी पटीनं मोठी होऊन बसते.

आता कामाला लागू.

पहिलं सँपल. शिकताना पिठानं सुरुवात करू नका, सिलिकॉन गम किंवा जाड सिलिकॉन पॉलिमर घ्या, ते वाळत नाही, आंबत नाही, आज मोजलं आणि उद्या मोजलं तर तेच आकडे येतात. हात बसला की पीठ, खळ, डिंक, काय हवं ते. पिठासाठी २५ मिलिमीटरच्या पॅरलल प्लेट, शक्यतो खरखरीत पृष्ठभागाच्या, नाहीतर पीठ प्लेटवरून घसरतं आणि घसरणं स्पेक्ट्रममध्ये सैल होण्यासारखं दिसतं. गॅप दोन मिलिमीटरच्या आसपास. प्लेट खाली आणली की बाहेर आलेलं पीठ कडेनं नीट कापून काढा आणि कडेला पातळ सिलिकॉन तेलाचा हात फिरवा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीसच्या वर पारा आणि हवा कोरडी ठणठणीत, कडेचं पीठ दहा मिनिटांत पापुद्रा धरतं, आणि मोजमाप कडेवर सगळ्यात जास्त अवलंबून असतं कारण फिरणाऱ्या प्लेटची सगळ्यात लांबची बाजू तीच. प्लेट दाबताना पिठात जो स्ट्रेस साठला तो उतरायला पंधरा-वीस मिनिटं द्या. ही विश्रांती घाईत सगळ्यात आधी वगळली जाते आणि मग सुरुवातीचे पॉइंट वाकडे येतात.

दुसरं, अँप्लिट्यूड स्वीप. फ्रिक्वेन्सी एकच ठेवायची, समजा १० रेडियन प्रति सेकंद, आणि स्ट्रेन, म्हणजे सँपल किती वाकवलं ते, ०.०१ टक्क्यापासून वाढवत न्यायचा. जी-प्राइम जिथपर्यंत सपाट आहे तो लिनियर भाग. स्पेक्ट्रमचं सगळं गणित बोल्ट्झमनच्या बेरजेवर उभं आहे आणि ती बेरीज फक्त लिनियर भागात चालते, त्यामुळं इथं तडजोड नाही. पॉलिमर मेल्टमध्ये (वितळलेल्या पॉलिमरमध्ये) पाच-दहा टक्के स्ट्रेन सहज चालतो, पण पिठासारख्या पदार्थात ०.१ टक्क्याच्या आसपासच सपाट भाग संपायला लागतो. पोरं एक टक्का लावून मोकळी होतात, कारण त्याला टॉर्क (प्लेट फिरवायला लागणारा जोर) चांगला येतो. टॉर्क कमी पडत असेल तर मोठी प्लेट घ्या, स्ट्रेन वाढवू नका.

तिसरं, टाइम स्वीप, म्हणजे त्याच स्ट्रेनवर, एकाच फ्रिक्वेन्सीवर अर्धा-पाऊण तास नुसतं बघत बसायचं. आकडा स्थिर राहिला तर पुढं जा. चढत असेल तर सँपल वाळतंय किंवा जमतंय, उतरत असेल तर तुटतंय किंवा घसरतंय. स्थिर नसलेल्या सँपलचा स्पेक्ट्रम काढला तर पहिल्या मिनिटाचं मटेरियल आणि चाळिसाव्या मिनिटाचं मटेरियल एकाच आलेखात शिवलं जातं.

चौथं, फ्रिक्वेन्सी स्वीप, हा मुख्य डेटा. वरून खाली या, १०० पासून ०.१ रेडियन प्रति सेकंद, दर डिकेडला किमान पाच पॉइंट, जमलं तर दहा. खाली जाताना वेळेचा हिशेब आधी करा: ०.१ वर एक फेरी ६३ सेकंदांची, ०.०१ वर ६२८ सेकंदांची, म्हणजे एका पॉइंटला साडेदहा मिनिटं. मध्ये लाइट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून, म्हणून यूपीएस नसेल तर लांब स्वीप सकाळी लवकर लावा. प्रत्येक पॉइंटला टॉर्क बघा, मशीनच्या खालच्या मर्यादेच्या दहापट तरी हवा. वरच्या फ्रिक्वेन्सीला पातळ सँपलमध्ये मशीनच्या स्वतःच्या जडत्वाचा वाटा घुसतो, कच्चा फेज अँगल (स्ट्रेन आणि स्ट्रेसच्या लाटांमधला फरक) ९० अंशांच्या बराच वर जायला लागला तर ते पॉइंट सरळ काढून टाका. कमी पण स्वच्छ पॉइंट कधीही बरे.

आता ती गोष्ट जी मला कुणी आधी सांगितली असती तर माझं एक वर्ष वाचलं असतं. ०.१ ते १०० मध्ये मोजलं तर वाटतं की टाऊ ०.०१ ते १० सेकंद, म्हणजे पूर्ण तीन डिकेडचा स्पेक्ट्रम हातात आला. नाही येत. डेव्हिस आणि अँडरसन यांनी १९९७ मध्ये दाखवलं की दोन्ही टोकांकडून ४.८१ पट आत यायला लागतं (ई चा पाय भागिले दोन घात, तो हा ४.८१). म्हणजे खालचं टोक ०.०४८ सेकंद आणि वरचं टोक २.०८ सेकंद. तीन डिकेड मोजले, हातात आले १.६४. या खिडकीबाहेर सॉफ्टवेअर जे काही काढून देतं ते डेटातून आलेलं नसतं, ते सॉफ्टवेअरच्या गृहीतातून आलेलं असतं. आलेखावर या दोन ठिकाणी पेन्सिलीनं उभ्या रेघा मारायची सवय लावा.

खिडकी मोठी करायचा जुना उपाय म्हणजे टाइम-टेंपरेचर सुपरपोझिशन. तापमान वाढवलं की सगळे टाऊ सारख्या पटीनं छोटे होतात असं धरायचं, वेगवेगळ्या तापमानाचे स्वीप घ्यायचे आणि आडवे सरकवून एकच लांब मास्टर कर्व्ह जुळवायचा. काचेसारख्या अवस्थेपासून साधारण शंभर अंश वरपर्यंत विल्यम्स-लँडेल-फेरीचं १९५५ चं समीकरण लावतात, त्याहून फार वर आऱ्हेनियसचं समीकरण पुरतं. विल्यम्स-लँडेल-फेरीचे पुस्तकी स्थिरांक १७.४४ आणि ५१.६ डोळे झाकून घालू नका, आपल्या डेटावरून काढा. सरकवण्याआधी एक तपासणी: फेज अँगल विरुद्ध कॉम्प्लेक्स मॉड्युलस (जी-प्राइम आणि जी-डबल-प्राइम मिळून होणारा एकूण मॉड्युलस) असा आलेख काढा, त्यात फ्रिक्वेन्सी येतच नाही, त्यामुळं सगळ्या तापमानांचे पॉइंट आपोआप एका रेषेवर पडले पाहिजेत. पडले नाहीत तर सुपरपोझिशन विसरा. आणि पिठाला, खळीला ही युक्ती अजिबात लावू नका. साधारण सत्तरच्या आसपास ज्वारीचा स्टार्च फुगायला लागतो, तापमान वाढवलं की तुम्ही टाऊ छोटे करत नाही, पदार्थच बदलताय.

तिथं लांब टाऊसाठी स्टेप स्ट्रेन करायचं. झटक्यात स्ट्रेन द्यायचा, धरून ठेवायचा, स्ट्रेस उतरताना नोंदवायचा. मशीनला तो झटका द्यायलाही ०.०५ ते ०.१ सेकंद लागतो, म्हणून त्याच्या दहापट वेळ होईपर्यंतचे पॉइंट फेकून द्या. यातून स्पेक्ट्रमचा झटपट अंदाजही मिळतो: लॉग वेळेवर काढलेल्या मॉड्युलसच्या आलेखाचा उतार घ्या, चिन्ह उलटं करा, झाला ढोबळ स्पेक्ट्रम. एक्सेलमध्ये होतो. आल्फ्रेचं अ‍ॅप्रॉक्सिमेशन म्हणतात याला, ढोबळ आहे, पण सॉफ्टवेअरनं काही भलतंच काढलं तर ते लगेच पकडता येतं म्हणून मी नेहमी करून ठेवतो.

आता फिटिंग. सुट्ट्या जोड्यांचा, म्हणजे डिस्क्रीट स्पेक्ट्रम आधी काढा. टाऊ आपण स्वतः ठरवून मांडायचे, लॉग स्केलवर सारख्या अंतरानं, दर डिकेडला एक किंवा फार तर दीड. मग फक्त मॉड्युलस शोधायचे राहतात आणि प्रश्न सरळ बेरजेचा होतो. पायथनमध्ये एक मॅट्रिक्स करा, प्रत्येक कॉलम एका टाऊचा, वरच्या अर्ध्या ओळी जी-प्राइमच्या, खालच्या अर्ध्या जी-डबल-प्राइमच्या. प्रत्येक ओळीला तिथल्या मोजलेल्या आकड्यानं भागा, आणि उजव्या बाजूला सगळीकडं १ ठेवा. हे भागणं चुकवलं तर मोठे आकडे सगळा फिट ओढून नेतात आणि खालच्या फ्रिक्वेन्सीचे छोटे आकडे, ज्यात लांब टाऊ दडलेले असतात, त्यांना कुणी विचारत नाही. मग सायपाय या पायथन लायब्ररीतलं एनएनएलएस (नॉन-निगेटिव्ह लीस्ट स्क्वेअर्स) वापरा, लॉसन आणि हॅन्सन यांची १९७४ ची पद्धत आहे, ती मॉड्युलस ऋण होऊ देत नाही. साध्या लीस्ट स्क्वेअरनं केलं तर उणे मॉड्युलस येतात, फिट सुरेख दिसतो, आणि उणे स्प्रिंग म्हणजे काय याला उत्तर नसतं. सँपल घट्ट असेल, खालच्या फ्रिक्वेन्सीला जी-प्राइम सपाट होत असेल, तर कधीच सैल न होणाऱ्या स्प्रिंगसाठी एक कॉलम जास्त घाला, जी-प्राइमच्या भागात १, जी-डबल-प्राइमच्या भागात ०, आणि मग तोही ओळीच्या आकड्यानं भागा.

किती जोड्या घ्यायच्या? जोड्या वाढवत न्या आणि चूक बघा. एका ठिकाणी चूक कमी व्हायची थांबते, तिथं थांबा. बाउमगर्टेल आणि विंटर यांनी १९८९ मध्ये हाच आग्रह धरला, कमीत कमी जोड्यांत काम भागवा. आणि लक्षात ठेवा, पाच जोड्यांनी फिट झाला म्हणजे मटेरियलमध्ये पाच प्रक्रिया आहेत असं नाही. पाच हा तुमचा आकडा आहे, मटेरियलचा नाही.

एक उदाहरण कागदावर करून बघा. तीन जोड्या: १०,००० पास्कल आणि ०.०१ सेकंद, १,००० पास्कल आणि १ सेकंद, २० पास्कल आणि १०० सेकंद. शून्य-शियर व्हिस्कॉसिटी (अगदी हळू वाहतानाचा दाटपणा) म्हणजे मॉड्युलस गुणिले टाऊ, यांची बेरीज: १०० अधिक १,००० अधिक २,०००, एकूण ३,१०० पास्कल-सेकंद. सगळ्यात दुबळी जोडी, नुसते २० पास्कल, पण व्हिस्कॉसिटीचा जवळपास दोन तृतीयांश वाटा तिचा. टाऊचा वर्ग घेऊन बेरीज केली, जी लवचीकपणाच्या हिशेबात येते, तर २,०१,००१ पैकी २,००,००० एकट्या तिचे. आणि ही जोडी खिडकीत आणायची तर ०.००२ रेडियन प्रति सेकंदपर्यंत मोजायला लागेल, जिथं एका फेरीला पन्नास मिनिटांच्या वर लागतात. म्हणजे जी जोडी सगळ्यात महत्त्वाची तीच सगळ्यात अवघड जागी बसलेली. म्हणून व्हिस्कॉसिटी स्पेक्ट्रमवरून काढून मोकळं होऊ नका, क्रीप टेस्ट (स्थिर स्ट्रेस देऊन पदार्थ किती सरकतो ते बघणं) करून वेगळी मोजा आणि दोन्ही जुळतात का बघा.

मग सलग, कंटिन्युअस स्पेक्ट्रम. इथं टाऊची शंभर पॉइंटची जाळी घेतात, आणि आपल्याकडं तीन डिकेडला पाच पॉइंटनं फार तर बत्तीस आकडे. बत्तीस आकड्यांतून शंभर अज्ञात. म्हणून एक जास्तीची अट घालायची, स्पेक्ट्रम गुळगुळीत असावा, आणि ती अट किती कडक ते लॅम्डा ठरवतो. टिखोनोव्ह रेग्युलरायझेशन म्हणतात ते हे. लॅम्डा फार छोटा तर स्पेक्ट्रमला करवतीचे दात फुटतात, फार मोठा तर सगळं सपाट माळरान. मधला निवडायला एल-कर्व्ह काढा: एका अक्षावर फिटची चूक, दुसऱ्यावर खडबडीतपणा, वेगवेगळ्या लॅम्डाला पॉइंट टाका, इंग्रजी एल सारखा कोपरा येतो, तिथला लॅम्डा. हे सगळं स्वतः लिहायचं नसेल तर सचिन शानभाग यांचा पायरीस्पेक्ट हा मोफत पायथन प्रोग्राम आहे, सलग आणि सुट्टा दोन्ही काढतो. पण एकदा तरी स्वतः लिहा.

माझ्या पहिल्या प्रोजेक्टात सुताला लावायच्या खळीचा स्पेक्ट्रम होता. दोन टेकाडं आली, मी खूश. एक अमायलोजचं, एक अमायलोपेक्टिनचं (स्टार्चचे दोन घटक) म्हणून दीड पान लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी लॅपटॉप उघडायला लावला आणि म्हणाले, लॅम्डा दहापट कर. केला. दुसरं टेकाड गेलं. फिटची चूक बदलली दशांशाच्या तिसऱ्या स्थानावर. ते काही बोलले नाहीत, मी ते दीड पान त्याच रात्री काढलं. तेव्हापासून नियम केलाय: लॅम्डा दहापट वर आणि दहापट खाली करून जे टेकाड टिकतं त्याच्याबद्दलच लिहायचं, आणि तेही दोन रेघांच्या आत असेल तरच.

दुसरी तपासणी खोट्या डेटाची. तुम्हाला माहीत असलेला स्पेक्ट्रम घ्या, त्यातून जी-प्राइम आणि जी-डबल-प्राइम काढा, दोन टक्के नॉइज मिसळा, आणि आपल्याच प्रोग्रामला द्या. जे घातलं ते बाहेर येतं का? नॉइज बदलून वीस वेळा करा, वीस आलेख एकावर एक काढा. जिथं ते एकत्र राहतात तो तुमच्या पद्धतीचा भरवशाचा भाग, जिथं झाडूसारखे फाकतात तिथलं काही बोलू नका.

वाचायचं कसं? पॉलिमर मेल्ट असेल तर खालच्या फ्रिक्वेन्सीला जी-प्राइमचा उतार दोन आणि जी-डबल-प्राइमचा एक येतो का बघा, आला तर सगळ्यात लांब टाऊ तुमच्या हातात आहे, स्पेक्ट्रम उजवीकडं खाली येऊन संपतो. नाही आला तर शेपूट बाहेर राहिलंय. पीठ, उकड अशा पदार्थांत मात्र टेकाडं शोधत बसू नका. तिथं जी-प्राइम आणि जी-डबल-प्राइम लॉग-लॉग आलेखात जवळपास समांतर चढतात आणि स्पेक्ट्रम म्हणजे एक उतरती रेघ असते. उतार ०.२ असेल तर जी-डबल-प्राइम भागिले जी-प्राइम हे गुणोत्तर १८ अंशांच्या टॅनइतकं, ०.३२५ यायला हवं. आलं तर दहा जोड्यांच्या वीस आकड्यांऐवजी दोनच आकडे द्या, उतार आणि ताकद.

या दोन आकड्यांत मला एक प्रोजेक्ट दिसतो, कुणी घेतला तर आनंद होईल. आपल्याकडं जुन्या पिठाला म्हणतात विरी गेली. भाकरी थापताना कडेला भेगा पडतात, उचलली की मोडते, मग जास्त कढत पाणी घालून उकड काढल्यासारखं करायचं. विरी हा शब्द हातानं ठरवलेला आहे, आणि हात चुकत नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी ज्वारी आपल्या जिल्ह्याचीच, ताजी दळून आणा. त्याच दिवशी, मग दर आठवड्याला, दोन महिने मोजा. पाणी वजनानं ठेवा, पाण्याचं तापमान थर्मामीटरनं बघा, मळायची वेळ घड्याळानं, स्ट्रेन ०.०५ टक्के, प्रत्येक वेळी तीन वेगळे गोळे. आणि त्याच पिठाची भाकरी ज्यांचा हात बसलेला आहे अशा माणसाकडून थापून घ्या, विरी आहे का नाही एवढंच विचारा, आकडे त्यांना आधी दाखवू नका. रिपोर्टमध्ये उतार आणि ताकदीशेजारी त्यांचं उत्तर लिहायचं, आणि तापमान, स्ट्रेन, फ्रिक्वेन्सीची दोन्ही टोकं, जोड्यांनी फिट केला असेल तर किती जोड्या, लॅम्डा वापरला असेल तर किती, हे सगळं आलेखाखालीच, शोधायला लागणार नाही अशा जागी.